सोसायटीतली मांजरं आणि झुडपातले पक्षी: भांडण मिटवून काम कसं उभं करायचं

मार्च-एप्रिलमध्ये बुलबुलाची पिल्लं घरट्याबाहेर पडू लागली की शहरातल्या अनेक सोसायट्यांमध्ये एक ठरलेलं भांडण पेटतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी विखुरलेल्या पिसांचा फोटो टाकतं आणि खाली लिहितं, ‘यांच्या मांजरांनी आज पुन्हा एक पिल्लू खाल्लं.’ ‘यांच्या’ म्हणजे बी विंगमधल्या काकू. त्या रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये भात आणि मासळी घेऊन येतात. मग काकूंच्या बाजूचे लोक उतरतात. कुणी खाण्याच्या ताटल्या कचऱ्यात टाकतं, कुणी पोलिसात जायची भाषा करतं. आठवडाभर हे चालतं, पण तेवढ्यात एकही मांजर कमी होत नाही आणि एकही पिल्लू वाचत नाही.

मी पक्ष्यांच्या बाजूचा आहे. बागेतला दयाळ पहाटे गायचा थांबला तर मला चैन पडत नाही. तरीही माझं ठाम मत आहे की या प्रश्नात पक्षीप्रेमींचा सगळ्यात मोलाचा माणूस म्हणजे मांजरांना खायला घालणाऱ्या काकूच. बेवारस मांजर कुणाच्याही हाताला लागत नाही, ते फक्त त्यांच्या हाकेला येतं. कोणती मादी गाभण आहे, कुणाची पिल्लं मीटर रूमच्या मागे लपवलेली आहेत, नवा बोका कोणत्या भिंतीवरून येतो, हे सगळं त्यांनाच माहीत असतं. त्यांना दुखावलंत तर नसबंदीचा दरवाजा तिथेच बंद होतो. मांजरं पिंजऱ्यात पकडायची, त्यांची नसबंदी करायची आणि परत तिथेच सोडायची, ही पुढची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

बैठकीआधी दोन्ही बाजूंनी काय मान्य करायचं

मांजरवाल्यांनी एक गोष्ट मोकळ्या मनाने मान्य करावी: पोट भरलेलं मांजरही शिकार करतं. मांजरात भूक आणि शिकारीची ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समोर काही फडफडलं की ते झेप घेतंच. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, तिथली मोकाट फिरणारी मांजरं वर्षाला शंभर कोटींहून जास्त पक्षी मारतात असा अंदाज निघाला. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर १८९४ मध्ये दीपगृह उभं राहिलं, माणसांबरोबर मांजरं आली, आणि त्या बेटावरचा न उडणारा छोटा रेन पक्षी थोड्याच काळात जगातून नाहीसा झाला. आपली सोसायटी म्हणजे बेट नव्हे, हे खरं. पण ‘आमची मांजरं काही करत नाहीत’ हे वाक्य बैठकीत टिकत नाही आणि ते बोलणाऱ्याच्या बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो.

पक्षीवाल्यांनी मान्य करायची गोष्ट अशी की प्रत्येक पिसामागे मांजर नसतं. घरटी लुटण्यात कावळा आणि भारद्वाज पटाईत असतात. शिक्रा भर दुपारी बाल्कनीसमोरून होला उचलून नेतो. मुंगूस, उंदीर, साप हेही अंडी खातात. माळ्याची कात्री तर यातल्या अनेकांपेक्षा जास्त घरटी पाडते. शिंपी पक्ष्याचं घरटं कमरेइतक्या उंचीवर, दोन-तीन पानं शिवून केलेलं असतं. कुंपण एकसारखं कापण्याच्या नादात ते पानांसकट खाली येतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून पिसं सापडली की फोटो टाकण्याआधी खाली बसून ती नीट पाहा. शिकारी पक्षी पिसं चोचीने उपटतो. त्यामुळे पिसाची दांडी मुळापर्यंत शाबूत मिळते आणि पिसं बहुधा एकाच जागी, उघड्यावर किंवा एखाद्या फांदीखाली गोल पसरलेली असतात. मांजरासारखा प्राणी चावतो. तेव्हा दांड्या मध्येच तुटलेल्या असतात, काही पिसं लाळेने एकमेकांना चिकटलेली असतात, कधी अख्खा पंख तसाच पडलेला असतो आणि हे सगळं झुडपाच्या आडोशाला, गाडीखाली किंवा जिन्याखाली सापडतं. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. ती केल्यावर बोलणं आरोपाच्या सुरात होत नाही, नोंदीच्या सुरात होतं.

मोजणी

कामाची सुरुवात वहीपासून करा. मांजरांना खायला घालतात त्याच वेळी तीन-चार दिवस सलग, काकूंच्या शेजारी उभं राहून प्रत्येक मांजराचा फोटो घ्या. रंग, खुणा, नर की मादी, कानाचं टोक कापलेलं आहे का, पोट सुटलंय का, एवढं लिहा. कानाचं टोक सरळ कापलेलं असेल तर त्या मांजराची नसबंदी झाली आहे, ही जगभर वापरली जाणारी खूण आहे. लांबून नर-मादी ओळखणं कठीण जातं, पण पांढरा, काळा आणि केशरी असे तिन्ही रंग एकाच मांजरावर असतील तर ती जवळपास नेहमीच मादी असते. पूर्ण केशरी असेल तर बोका असण्याची शक्यता जास्त.

लोक सांगतात ती संख्या आणि मोजलेली संख्या यांत बरंच अंतर पडतं. ‘पन्नास मांजरं झालीत’ असं ऐकून कमिटी घाबरलेली असते. फोटो लावून पाहिलं की तीच तीच मांजरं दोन विंगमध्ये दोनदा मोजलेली निघतात. आकडा आवाक्यातला दिसला की लोक कामाला तयार होतात.

त्याच वहीच्या दुसऱ्या भागात पक्षी लिहा. बुलबुल, दयाळ, शिंपी, शिंजीर, होला, वटवट्या यांतलं कोण कुठे घरटं करतं, किती उंचीवर, कोणत्या महिन्यात, आणि मेलेला पक्षी सापडला तर तारीख, जागा व पिसांची अवस्था. सोसायटीच्या नकाशाची झेरॉक्स काढून घरट्यांच्या जागा हिरव्या आणि खाण्याच्या जागा लाल पेनाने दाखवा. या दोन खुणा जिथे अगदी जवळ येतात, तिथेच बहुतेक पक्षी मरतात. नकाशा समोर ठेवला की हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

बैठक

मोठ्या सर्वसाधारण सभेत हा विषय थेट मांडू नका. तिथे पार्किंग आणि पाण्याच्या बिलावरून आधीच तापलेलं असतं. आधी चार-पाच जणांनी कुणाच्या तरी घरी बसावं: खायला घालणाऱ्या, पक्ष्यांची तक्रार करणारे, सेक्रेटरी, आणि शक्य असेल तर माळी व वॉचमन. माळीदादा आणि वॉचमन यांना बोलावणं लोक विसरतात. पहाटे आणि रात्री जागेवर तेच असतात, त्यामुळे त्यांना दिसतं ते आपल्याला दिसत नाही.

सुरुवात कशी होते यावर बरंच अवलंबून असतं. ‘काकू, तुमच्यामुळे मांजरं वाढली’ असं म्हटलं की काकू पुढचा तासभर स्वतःचा बचाव करतात. त्यापेक्षा असं म्हणून बघा: ‘काकू, या तिरंगीला वर्षात तिसऱ्यांदा पिल्लं झाली. त्यातली किती जगली?’ बहुतेक वेळा उत्तर मिळतं की एखादंच. बाकीची गाडीखाली गेली, कुत्र्यांनी मारली, नाहीतर सर्दी-तापाने गेली. ते सांगताना काकूंचा गळा भरून येतो, कारण ती पिल्लं त्यांनीच पुरलेली असतात. नसबंदी ही मांजरांच्याच भल्याची गोष्ट आहे, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

चर्चेअंती एक पानाचा लेखी करार करा आणि कमिटीकडून त्याचा ठराव करून घ्या. खायला घालायच्या जागा आणि वेळा, नसबंदीचा खर्च कोण किती उचलणार, पिंजरा कोण लावणार, नवं मांजर दिसलं तर कुणाला कळवायचं, झाडांची छाटणी कोणत्या महिन्यांत करायची नाही, हे त्यात असावं. खर्चात पक्षीप्रेमींनी वाटा उचललाच पाहिजे. तक्रार आपण करायची आणि पैसे काकूंच्या पेन्शनमधून जायचे, हे न्यायाचं नाही.

याच बैठकीत कायदाही शांतपणे सांगून ठेवा. मांजराला विष घालणं, मारणं किंवा उपाशी मरेल अशा ठिकाणी सोडून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. प्राण्याला मारणं, विष देणं किंवा जायबंदी करणं यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. दुसऱ्या बाजूला, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी व घरटी नष्ट करणंही येतं. म्हणजे फांदी छाटताना घरटं पाडणाऱ्यालाही मोकळीक नाही.

‘सगळी पोत्यात भरून मासळी बाजारात सोडून येऊ’ ही सूचना प्रत्येक बैठकीत कुणीतरी करतंच. ती तिथल्या तिथे नाकारा. कायदा तर मोडतोच, शिवाय उपयोग शून्य. नवख्या जागी मांजरं हाल होऊन मरतात, काही परत येतात, आणि इथे रिकाम्या झालेल्या जागेत, कचरा व उंदीर तसेच असल्यामुळे, शेजारची नसबंदी न झालेली मांजरं येऊन पुन्हा पिल्लं घालतात.

खायला घालण्याची शिस्त

जागा पार्किंगच्या आतल्या कोपऱ्यात किंवा इमारतीच्या मागच्या फरशीवर असावी. झुडपं, हिरवळ, पक्ष्यांचं पाणी आणि घरट्यांची झाडं यांपासून जितकी दूर तितकी चांगली. वेळ रोज तीच. अर्ध्या तासाने उरलंसुरलं उचलायचं आणि फरशी धुवायची. रात्रभर पडून राहिलेल्या अन्नावर उंदीर, घुशी आणि कावळे पोसले जातात, आणि कावळे वाढले की घरट्यांवर दुहेरी संकट येतं. शिवाय ठरल्या वेळी येण्याची सवय लागलेली मांजरं पिंजऱ्यातही ठरल्या वेळीच येतात. पुढच्या कामासाठी ही सवय फार उपयोगी पडते.

पक्ष्यांना दाणा-पाणी ठेवणाऱ्यांनीही स्वतःची जागा तपासावी. जमिनीवर दाणे टाकणं म्हणजे होल्यांना आणि चिमण्यांना मांजरासमोर बसवणं. पाण्याचं भांडं चार-पाच फूट उंचीवर टांगा किंवा गुळगुळीत खांबावर ठेवा आणि दबा धरून बसता येईल असं झुडूप त्याच्या सहा-सात फुटांच्या आत ठेवू नका.

पिंजरा आणि नसबंदी

सगळ्यात जास्त वेळ आणि मन इथे द्यावं लागतं. मादी मांजर चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, गर्भकाळ दोन महिन्यांच्या आसपास असतो आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहते. आपल्याकडच्या हवामानात हे चक्र जवळपास वर्षभर चालतं. त्यामुळे अर्ध्या मांजरांची नसबंदी करून थांबलात तर उरलेल्या माद्या वर्षभरात संख्या पूर्ववत करतात. वहीतलं जवळपास प्रत्येक मांजर होईपर्यंत काम सोडायचं नाही, आणि क्रम लावायचा तर माद्या आधी.

मुंबई-पुण्यासारख्या महापालिका संस्थांमार्फत मांजरांच्याही नसबंदीचं काम करवून घेतात. तुमच्या महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात आधी चौकशी करा. नाहीतर जवळच्या पशुवैद्यांशी एकगठ्ठा शस्त्रक्रियांचं बोलणं करा. तारीख पक्की झाल्याशिवाय पिंजरा लावू नका. पकडलेलं मांजर दोन दिवस बाथरूममध्ये कोंडून ठेवणं त्याच्यासाठी आणि तुमच्यासाठीही त्रासाचं असतं.

पिंजरा लांबट, आतल्या पायपट्टीवर पाय पडला की दार खाली येणारा. तो तीन-चार दिवस आधीपासून खाण्याच्या जागेवर दार बांधून उघडा ठेवा आणि जेवण त्याच्या आतच द्या. तळाला वर्तमानपत्र घाला, नाहीतर जाळीवर पाय ठेवायला मांजरं बिचकतात. आदल्या दिवसाचं एक जेवण टाळा. आमिष म्हणून वास दरवळेल असं काही हवं: भाजलेलं सुकट, बोंबील, बांगड्याचा तुकडा. पायपट्टीच्या पलीकडे, अगदी शेवटी ठेवा, म्हणजे मांजराला पूर्ण आत जावं लागतं. दार पडल्याक्षणी पिंजऱ्यावर चादर टाका. अंधार झाला की धडका मारणारं मांजर मिनिटभरात शांत होतं. लावलेला पिंजरा सोडून कधीही घरी जाऊ नका, उन्हात तर मुळीच ठेवू नका.

पकडलेल्या मादीची आचळं पाहा. ती फुगलेली आणि आजूबाजूचे केस ओले, चिकटलेले असतील तर कुठेतरी पिल्लं वाट पाहत आहेत. काकूंना जागा माहीत असेल तर पिल्लंही उचला आणि आईबरोबर ठेवा. माहीत नसेल तर तिला सोडून द्या आणि काही आठवड्यांनी पिल्लं बाहेर हिंडू लागली की सगळ्यांना एकत्र धरा. मोठ्या मांजराला शस्त्रक्रियेआधी किती तास उपाशी ठेवायचं, पिल्लांना किती, हे डॉक्टरांनाच विचारा, कारण पिल्लं फार वेळ उपाशी राहू शकत नाहीत. भूल दिलेली असतानाच कानाची खूण आणि रेबीजची लस करून घ्या. पुन्हा पिंजऱ्यात यायला ते मांजर सहज तयार होणार नाही. नराला बहुधा दुसऱ्या दिवशी सोडता येतं. मादीला टाका सुकेपर्यंत काही दिवस आडोशाला ठेवावं लागतं. तिला जिथून उचललं तिथेच सोडायचं.

दोन महिन्यांच्या आतली पिल्लं माणसाळवता येतात. ती परत सोडू नका, घरं शोधा. बाहेर फिरणारं प्रत्येक मांजर घरात गेलं की पक्ष्यांवरचा भार तेवढा तरी लगेच हलका होतो.

घरातली मांजरं

यावर बोलायला लोक कचरतात, कारण इथे समोर शेजारी असतो. पण बाल्कनीतून खाली उतरून, बुलबुलाचं पिल्लू तोंडात धरून परत येणारं मांजर बऱ्याचदा कुणाचं तरी लाडकं, गळ्यात पट्टा असलेलं असतं. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे बाल्कनीला जाळी लावून मांजर घरातच ठेवणं. वरच्या मजल्यावरून पडून मरणारी मांजरंही त्यामुळे वाचतात. ते जमत नसेल तर इंग्लंडमधल्या एक्झेटर विद्यापीठाच्या २०२१च्या प्रयोगाचा आधार घ्या. भरपूर मांस असलेलं, धान्य नसलेलं खाणं दिलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. रोज पाच-दहा मिनिटं दोरी-पिसांच्या खेळण्याने खेळवलं तर २५ टक्क्यांनी. पट्ट्यावर भडक रंगाचं कापडी आवरण घातलेल्या मांजरांनी आणलेले पक्षी ४२ टक्क्यांनी कमी झाले. घुंगरांचा मात्र काही परिणाम दिसला नाही. तेव्हा ‘आम्ही घुंगरू बांधलंय’ एवढ्यावर समाधान मानू नका.

झाडं आणि पिल्लं

पावसाळ्याआधीची छाटणी आणि पक्ष्यांची वीण एकाच वेळी येते. धोकादायक फांद्या फेब्रुवारीआधीच काढून घ्या. त्यासाठीही महापालिकेची परवानगी लागते. कुंपणाची कापाकापी सप्टेंबरनंतर करा. एकट्या उभ्या झाडावर घरटं असेल तर जमिनीपासून पाच फुटांवर खोडाभोवती दोन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा सैलसर बांधा. त्यावर मांजराची नखं रुतत नाहीत. झाड भिंतीला किंवा दुसऱ्या झाडाला टेकलेलं असेल तर याचा उपयोग नाही. वीण संपली की पत्रा काढायचा. घरट्यांखाली करवंद किंवा बोगनवेलीच्या काटेरी फांद्या पसरल्या तरी दबा धरायची जागा जाते.

बुलबुलाची पिल्लं साधारण बारा-चौदा दिवसांत घरट्याबाहेर येतात, पण तेव्हा त्यांना धड उडता येत नाही. शेपूट आखूड, पंख आलेले, आणि ती झुडपात खालच्या फांद्यांवर उड्या मारत बसतात. आई-बाप जवळच ओरडत असतात आणि भरवत असतात. हे तीन-चार दिवस सगळ्यात धोक्याचे. असं पिल्लू घरी नेऊ नका. जवळच्या दाट झुडपात वर ठेवा आणि काकूंना फोन करा, म्हणजे तेवढे दिवस त्या बाजूला खाणं जाणार नाही आणि पाळीव मांजरं घरात राहतील. डोळे मिटलेलं, पिसं नसलेलं पिल्लू पडलं असेल तर सरळ घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लू टाकत नाहीत.

मांजराच्या तोंडातून सुटलेला पक्षी वरून धडधाकट दिसला तरी सोडून देऊ नका. मांजराच्या दातांतल्या जंतूंमुळे काही तासांत जंतुसंसर्ग होतो आणि त्याला प्रतिजैविकं लागतात. भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ कापडावर, अंधारात, शांत जागी ठेवा. दूध-पाणी चोचीत ओतू नका. महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा ओळखीच्या पशुवैद्यांना लगेच कळवा.

जिथे ही पद्धत पुरत नाही

तलावाकाठ, माळरान किंवा जंगलाला लागून वस्ती असेल तर नियम कडक हवेत. तिथे टिटवीसारखे पक्षी थेट जमिनीवर अंडी घालतात. नसबंदी झालेलं मांजरही आयुष्यभर शिकार करतंच, म्हणून अशा काठावर खाण्याची जागा असूच नये. होता होईल तेवढ्या मांजरांना घर किंवा निवारा मिळवून द्यावा.

शिवाय तिथे दिसणारं प्रत्येक ‘मांजर’ मांजर नसतं. उंच पायांचं, मातकट रंगाचं, आखूड शेपटीच्या टोकाला काळी वलयं असलेलं ते रानमांजर. घरच्या मांजरापेक्षाही लहान, पाठीवर तांबूस ठिपके असलेली ती वाघाटी. जुन्नर भागात ऊसतोडीच्या वेळी अशी पिल्लं सरीत सापडतात आणि लोक मांजराची म्हणून घरी नेतात. दोन्ही जाती कायद्याने संरक्षित आहेत. पिल्लं सापडली तर हात न लावता वन विभागाला कळवा. पिल्लं जागेवर राहिली तर आई बहुधा रात्री येऊन त्यांना उचलून नेते.

वर्षाचं वेळापत्रक

पावसाळा सरला की ऑक्टोबर ते जानेवारी पिंजऱ्याचं काम जोरात करा, म्हणजे घरट्यांच्या हंगामाआधी संख्या स्थिर होते. फेब्रुवारीत नकाशा पुन्हा काढून खाण्याच्या जागा तपासा. दर दिवाळीला वही उघडून गेल्या वर्षीची मांजरं, नवी पिल्लं आणि मेलेले पक्षी शेजारी शेजारी लिहा. पहिल्या वर्षात मांजरांचा आकडा फारसा उतरणार नाही, नवी पिल्लं दिसेनाशी होतील एवढंच. आकडा त्यापुढे हळूहळू उतरतो, आणि तोही बाहेरून नवी मांजरं येऊन राहत नसतील तरच. म्हणून वॉचमनच्या टेबलावर ओळखलेल्या मांजरांचे फोटो लावून ठेवा. कान शाबूत असलेलं अनोळखी मांजर दिसलं की त्याच दिवशी काकूंना निरोप जावा आणि पंधरा दिवसांच्या आत पिंजरा लागावा.